भिंतीलगतचा रॅक

आमच्या कॉलेजचा भूशास्त्र विभाग बंद झाला आणि त्यातला जीवाश्मांचा संग्रह भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये येऊन पडला. लेबलं सुटलेली, खोकी एकमेकांत मिसळलेली. मी निवृत्त झाले होते. नमुने पुन्हा ओळखून लावायचं काम मी अंगावर घेतलं. सगळे समुद्रातले बिनकण्याचे जीव, दगड झालेले. त्यांत शिंपले होते, गुंडाळलेल्या शंखासारखे अमोनाइट होते. अमोनाइट ओळखायचा तो कवचावरच्या नागमोडी रेघांवरून. प्रत्येक जातीची नागमोड वेगळी.

गोडाऊन उघडायला, झाडायला जवळच्या पाड्यावरची एक बाई होती. मागच्या पत्र्याच्या खोलीत एकटीच राहायची. मी तिला मावशी म्हणायचे.

पावसाळा सरता सरता बाजूच्या भिंतीलगतच्या रॅकवर मला पांढरी भुकटी दिसली. ओल असेल म्हणून ब्रशने झटकली. काही दिवसांत ती परत आली, आणि तिच्याखाली अमोनाइटवरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. ज्याची जात मी नुकतीच नक्की केली होती, तो नमुना आता ओळखूच येईना.

चुनखडीला आम्ल लागलं की असं होतं. दगड चुनखडीचा आहे का हे बघायला आम्हीच त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकतो. इथे तर कुणी काही टाकलं नव्हतं. आणि दाराजवळचे रॅक अगदी स्वच्छ होते.

"मावशी, इथे कसला वास येतो का हो?"

"दुपारचा येतो. घसा धरतो," ती म्हणाली. "माज्या कोंबड्या मेल्या. आन उंदीर न्हाय दिसत हल्ली. आदी लय व्हते."

भिंतीपलीकडचा गाळा कायम बंद असायचा. मधूनच टेम्पो यायचा, निळे ड्रम उतरायचे आणि शटर खाली यायचं.

दोन्ही गाळ्यांचे मालक भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. वडिलांचे कापडाचे लूम विकून त्यांनी ही गोडाऊनं बांधली होती. माणूस सभ्य; सगळे त्यांना शेठ म्हणायचे. फोनवर म्हणाले, "मॅडम, तो गाळा भाड्याने घेतलेली पार्टी बोलली कपड्याच्या रंगाचा माल आहे. पावसात सगळ्यालाच बुरशी लागते."

मी एक मोडका शिंपला घेतला. त्याचा अर्धा तुकडा भिंतीजवळ ठेवला, अर्धा दाराजवळ. भिंतीजवळचा पांढरा पडला तेव्हा शेठना बोलावून दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांनी अंगठा घासला. एकाची भुकटी झाली. मग त्यांनी भिंतीवर तळवा टेकला.

"गरम आहे," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "मावशी कुठे झोपते?"

मावशीची खोली त्याच भिंतीच्या मागच्या टोकाला लागून होती.

त्यांनी पार्टीला फोन लावला, तो बंद. मग अग्निशमन दलाला लावला. मावशीला म्हणाले, "चला, सामान घ्या. आत्ताच."

"माजं घर हाय ते शेठ. कुठं जाऊ?"

"तुमच्या भावाकडे सोडतो. गाडीत बसा."

ती भांडी गोळा करत राहिली. शेवटी मीच तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. परत आत जाऊन मी जमतील तेवढी खोकी उचलली. दुसऱ्या खेपेला शेजारच्या शटरखालून पिवळा धूर यायला लागला होता. डोळे चुरचुरत होते. बंब आला आणि जवानांनी आम्हाला मुख्य रस्त्यापर्यंत मागे हटवलं. शटर कापेपर्यंत आत ड्रम फुटायला लागले होते. आम्ही नुसते आवाज मोजल्यासारखे ऐकत उभे होतो. मावशीच्या खोलीचा पत्रा आमच्या डोळ्यांदेखत काळा पडत गेला.

जीवितहानी झाली नाही. वाचलेला संग्रह दुसरीकडे हलवला. पार्टीचा पत्ता खोटा निघाला, आणि जळालेल्या ड्रमांवर कसलंही नाव उरलं नव्हतं.

मावशी आता भावाकडे असते. तिचा खोकला थांबत नाही. मी तिला दवाखान्यात घेऊन जाते तेव्हा डॉक्टर दर वेळी विचारतात, त्या ड्रममध्ये नेमकं होतं काय? मावशी माझ्याकडे बघते. मला ते सांगता येत नाही.