हात थांबवणारे प्रश्न

मागच्या वर्षी मी भरल्या सभागृहात एका मुलीचं बरोबर उत्तर चूक ठरवलं आणि वर तिला "बस खाली" म्हणाले. या वर्षी जे झालं ते सांगायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते, माझी इच्छा असो वा नसो.

मी बेळगावातल्या एका मराठी वाचनालयात ग्रंथपाल आहे. दर जानेवारीत आमच्याकडे हायस्कुलांची प्रश्नमंजूषा होते. विषय देशाचा इतिहास आणि संस्कृती. आठ शाळा, प्रत्येकीची दोन मुलं, टेबलावर एक पितळी घंटी आणि जिंकणाऱ्यासाठी फिरती ढाल. ढालीवर दर वर्षी विजेत्या शाळेच्या नावाची पितळी पट्टी बसते. प्रश्न काढायचं आणि विचारायचं काम माझ्याकडे, आणि ते मी वर्षानुवर्षं कसं उरकलं हे सांगायला आता लाज वाटते. कोल्हापूरहून येणारं सामान्यज्ञानाचं जाडजूड गाइड उघडायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या, चहा संपेपर्यंत चाळीस प्रश्न तयार!

आमच्याकडची गंमत अशी, की मराठी पुस्तकं येतात कोल्हापूर-पुण्याहून आणि शाळेचा अभ्यासक्रम येतो बंगळूरहून. हे मला कुणी शिकवायला नको, सगळा जन्म निपाणी आणि बेळगावातच गेला. तरी डोळे झाकून कार्डावर उतरवलं: 'आपल्या राज्याचा राज्यवृक्ष कोणता?' उत्तर, आंबा.

बेळगुंदीच्या शाळेची नववीतली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "चंदन."

"चूक," मी म्हणाले.

"बाई, चंदनच हाय. आमच्या पुस्तकात हाय."

मला उलटून बोललेलं खपत नाही. "बस खाली," मी म्हणाले. ती बसली. एका प्रश्नानं तिची शाळा हरली आणि ढाल कॅम्पातल्या, म्हणजे छावणी भागातल्या शाळेकडे गेली.

घरी जाताना रिक्षातच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाइडातलं 'आपलं राज्य' म्हणजे महाराष्ट्र. आंबा तिकडचा. आम्ही राहतो कर्नाटकात, आणि कर्नाटकाचा चंदन. अशी चूक पुण्याचा माणूस करणार नाही, बंगळूरचाही करणार नाही. ती करायला आमच्या पट्ट्यातच जन्मावं लागतं.

सोमवारी बस धरून बेळगुंदी गाठली आणि तिच्या वर्गासमोर माफी मागितली. मुलगी उभी राहून शांतपणे म्हणाली, "असू दे बाई. फुडच्या वर्साला तेवढं नीट प्रश्न काढा." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. एवढ्या एका वाक्यात तिनं माझी वर्षानुवर्षांची कामचुकारी उघडी पाडली होती.

आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त सुभेदार. कॅम्पात राहतात, पहाटे फिरून येतात आणि प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतात. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "मॅडम, एक संधी देतो. पुढच्या वर्षी एका जरी प्रश्नावर वाद झाला आणि तुमच्याकडे पुरावा नसला, तर त्यानंतर तयार प्रश्नसंच मागवायचे. पडद्यावर चार पर्याय येतात, मुलं बटण दाबतात, भांडण नाही."

चार पर्याय आणि बटण! आमच्या पोरांना, ज्यांना घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीपुढं हिंदी येते, त्यांना कुठल्या तरी शहरात बसून कुणीतरी घाऊक भावात काढलेले प्रश्न विचारायचे? माझं टाळकंच फिरलं. मी म्हणाले, "मंजूर." आणि गाइड उचलून सर्वांत वरच्या फळीवर टाकलं.

नवा प्रश्न काढायला बसले तेव्हा कळलं, की मला प्रश्न काढताच येत नाही. पहिल्या आठवड्यात जे सुचलं ते सगळं साल आणि संख्या. अमुक लढाई कधी, तमुक इमारत किती फूट. संध्याकाळी ते आईला वाचून दाखवायची. आई माझ्याकडेच असते. तिचं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं, शाळा दोन इयत्ता. आता काम नसलं तर तिला करमत नाही, म्हणून मांडीवर सूप घेऊन ती शेंगा सोलत बसते. मी प्रश्न वाचायची आणि शेंगा कटाकट फुटत राहायच्या.

"आई, ऐकतेस का?"

"ऐकतोय की. साल इचारून काय करतीस गं? त्या दिवशी बायकांनी काय शिजवलं ते इचार."

मी चिडले. मग सहज म्हणून विचारलं, "बरं, कित्तूरची राणी माहीत आहे ना? तिचं माहेर कुठलं?"

शेंगांचा आवाज बंद झाला. आईचे हात सुपात तसेच राहिले. "व्हय की गं," ती म्हणाली, "तिलाबी माहेर आसणार की. कुठलं?"

"काकती. इथून बसनं अर्ध्या तासाच्या आत."

"आग बया! आन मी एवढ्या येळा त्या रस्त्यानं गेलो, कुणी सांगटलं न्हाय."

त्या दिवशी माझ्या हाती माप लागलं. आईचे हात थांबले तर प्रश्न चांगला, नाही थांबले तर कागद फाडायचा. दुसरं माप मी स्वतः लावलं. उत्तर येत नसलेल्यालाही विचार करून तिथवर पोचता आलं पाहिजे, आणि उत्तर ऐकल्यावर 'हॅ, हे तर मला माहीत असायला हवं होतं' असं वाटलं पाहिजे. माहीत असलंच तर असतं, नाहीतर नसतं, अशा प्रश्नानं फक्त पाठांतर जिंकतं.

मग मी सुटलेच. 'झेंड्यावरच्या चक्राला आरे किती' हा प्रश्न मुलांना झोपेतही येतो. आई म्हणाली, "गाडीच्या चाकाला बारा आसत्यात." झालं, कार्ड बदललं: बारा आऱ्यांच्या बैलगाडीची किती चाकं सुटी केली, तर झेंड्यावरच्या एका चक्राला पुरतील एवढे आरे मिळतील? दोन. आमच्या घरात भिंतीवरच्या तसबिरीत ते निळं चक्र माझ्या लहानपणापासून आहे, मी ते बैलगाडीशेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं. खादीचा राष्ट्रध्वज जिथं शिवला जातो, त्या गावाला बेळगावहून एस्टी दोन तासांत पोचते, तर ते गाव कोणतं? हुबळी. काही शतकांपूर्वी देशात कुणाच्याच ताटात नव्हती, आज संकेश्वरच्या बाजारात तिच्या राशी लागतात, ती कोण? मिरची. ती जहाजातून आली, आधी तिखटाला मिरी होती, हे सांगितल्यावर आईनं सूपच बाजूला ठेवलं.

मिरचीमागं लागले आणि ढीगभर पुस्तकं उलथीपालथी केली. शेतकीच्या कपाटात पिकांच्या इतिहासाचं एक पुस्तक सापडलं, वर्षानुवर्षं कुणी घरी न नेलेलं. त्यातून माझा सगळ्यात लाडका प्रश्न निघाला. उपवासाच्या ताटात पाच पदार्थ आहेत: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी आणि वरीचा भात. यांतलं एकच मूळचं आपल्या देशातलं, बाकी चार समुद्रापलीकडून आलेले पाहुणे. ते एक कोणतं?

आईला विचारलं. हात थांबले. बराच वेळ थांबले.

"आपून कवा उपास केला गं," ती शेवटी म्हणाली. "उपाशी मातर लई दिस ऱ्हायलो." मग सुपात हात घालत, "वरी. डोंगराकडच्या बायका वरी आणायच्या इकायला. ती हितलीच."

मी कार्डावर चाळिसावा आकडा घातला. हाच शेवटचा प्रश्न, हे तेव्हाच ठरलं.

स्पर्धेच्या दिवशी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत आई, पिशवीत शेंगा घेऊन. आमच्या रिवाजाप्रमाणं प्रत्येक प्रश्न आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये वाचला जातो. बेळगुंदीची ती मुलगी आता दहावीत. माझ्याकडं तिनं असं पाहिलं, जसं दुकानदाराच्या तराजूकडं गिऱ्हाईक पाहतं.

काकतीच्या प्रश्नाला सभागृहभर हळहळ उठली. आरे तर म्हातारी माणसंसुद्धा बोटांवर मोजू लागली. हुबळीला टाळ्या पडल्या. एकदाही कुणी हरकत घेतली नाही. एकोणचाळीस प्रश्न झाले आणि फळ्यावर कॅम्पातली शाळा आणि बेळगुंदी, दोघींचे गुण सारखे. मी चाळिसावं कार्ड उचललं.

प्रश्न वाचून झाला. कन्नडमध्ये झाला. कॅम्पातल्या मुलानं घंटी मारली. "रताळं!" मागून कन्नडभाषक मंडळीही रताळ्यालाच "गेणसू, गेणसू" म्हणत माना डोलवू लागली.

"चूक," मी म्हणाले. तोच शब्द, तीच मी.

बेळगुंदीच्या मुलीनं डोळे मिटले, उघडले आणि उठली. "वरी," म्हणाली, आणि निकाल ऐकायच्या आधीच खाली बसली.

मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या रांगेतून एक टोपीवाले गृहस्थ ताडकन उठले. "आवो आक्का, रताळं आमचं न्हाय म्हंजी? पणज्यापासनं लावतोय आमी! बेळगुंदीचं रताळं कुठवर जातंय ठावं हाय काय?" ते त्या मुलीचे चुलते होते. शेजारी बसलेलं अर्धं गाव "व्हय व्हय" करत उठलं. पुतणीचं उत्तर बरोबर ठरू नये म्हणून चुलता भांडतोय, हे रताळ्याच्या अभिमानापायी त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

सुभेदारांनी माझ्याकडं वळून हात पुढं केला. "पुरावा, मॅडम."

वर्षभर ज्याची भीती होती तो हाच वाद. मी टेबलाखालून ते जाड पुस्तक काढलं. पाच पदार्थांसाठी पाच चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. सुभेदारांनी चष्मा लावला आणि एकेक पान मोठ्यानं वाचलं. बटाटा, दक्षिण अमेरिका. रताळं, अमेरिका. शेंगदाणा, अमेरिका. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, तोही तिकडचाच. आणि वरी, भारत. त्यांनी पुस्तक मिटलं, ताठ उभे राहिले आणि परेडवर ओरडावं तसे ओरडले, "उत्तर बरोबर!"

असा गलका झाला, की घंटी कुणाला ऐकू आली नाही. चुलते डोक्याला हात लावून बसले आणि मग सगळ्यांत मोठ्यानं हसू लागले.

मुलगी अजून खालीच बसलेली. मी माइक बाजूला ठेवला. "उठ गं," मी म्हणाले. "उभी राहा. आणि सगळ्यांना सांग, उत्तर कसं काढलंस?"

ती उठली. "आज्जी जात्यावर ओव्या म्हणायची न्हवं, त्यात वरी येतीया, सावा येतोय, नाचना येतोय. रताळं न्हाय, बटाटा न्हाय. मग म्हटलं, हे मागनं आल्यालं आसणार."

हे कुठल्या गाइडात नव्हतं. माझ्या पुस्तकातही नव्हतं! मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांसमोर रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर शेंगा तशाच पडल्या होत्या आणि ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

ढाल मुलीच्या हातात दिली. तिनं ती नीट पाहिली, खालच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि सुभेदारांना म्हणाली, "सर, चंदनाचा मार्क धरला तर मागच्या वर्साला बी बरोबरी व्हती."

सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. ते पुरावा मागणार हे ओळखून मी आधीच म्हणाले, "पुरावा मीच आहे. चूक माझी." त्यांनी क्षणभर विचार केला आणि मागच्या वर्षीचं विजेतेपद दोन्ही शाळांना मिळून दिलं. कॅम्पातल्या पोरांनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात पट्ट्या कोरून आल्या आणि स्क्रू मी स्वतः बसवले. चुलते रताळ्यांचं पोतं घेऊन आले होते, "आमचं परदेशी पावणं घ्या" म्हणत. मुलगी शेजारी उभी राहून मी स्क्रू सरळ बसवते की नाही ते बघत होती. ढालीवर आता बेळगुंदीच्या दोन पट्ट्या आहेत. मागच्या वर्षाच्या ओळीत जागा कमी पडली, म्हणून तिथली पट्टी जरा लहान आहे.

"आता बरोबर," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. बसायला तिला मी सांगितलं नव्हतं.