राखेखालचा रोडगा

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा. मी देवाचा माणूस नव्हतो. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, समुद्रपूर-हिंगणघाट आणि समुद्रपूर-वर्धा. घड्याळ, घंटी आणि तिकीट, एवढ्यावर माझा विश्वास. देव हे आमच्या घरी हिचं खातं होतं. शनिवारी शिवारातल्या मारोतीला तेल वाहायला ती जायची, आणि मी बाहेर गाडीवर बसून हॉर्न वाजवायचो. "अवो, दोन मिनिटं त थांबा, देवाले काय स्टँडवर उभा केला का?" असं ती चिडून म्हणायची. थांबणं हे माझ्या स्वभावातच नाही. चहा उकळायच्या आत मी तीनदा झाकण काढून पाहतो, आणि त्यावरून आमच्या घरी रोज एक भांडण ठरलेलं.

गेल्या पावसाळ्यात हिला ताप आला. साधा म्हणता म्हणता पंधरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. ताप गेला, पण जाताना हिच्या नाकातला वास आणि तोंडाची चव घेऊन गेला. तुम्हाला वाटेल, एवढंच ना? मलाही पहिले चार दिवस तसंच वाटलं. पण जिच्या हातच्या पाटवडीच्या रश्श्यासाठी माझे ड्रायव्हर लोक ड्युटी बदलून घ्यायचे, फोडणीचा वास आला की आतल्या खोलीतून "मोहरी जळली" म्हणून जी ओरडायची, ती बाई पोळीचा तुकडा तोंडात घेऊन बसून राहायची. "कागद चावून राह्यली असं वाटते," म्हणायची. सणवार गेले, दिवाळी गेली, चिवड्याला हात लावला नाही. अंगावरचं मांस उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, चव येईल तेव्हा येईल, कधी ते सांगता येत नाही, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. महिनाभरात वजन वाढलं नाही तर पुन्हा भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. त्या दिवशी घरी येताना ती एवढंच म्हणाली, "मले नळी नोका घालू जी."

काय सांगू तुम्हाला, माझा जीव नुसता कासावीस झाला. दुसऱ्या दिवशी उठलो, गाडी काढली आणि पहिल्यांदा एकटा मारोतीकडे गेलो. हात जोडायला नाही, खरं सांगतो, भांडायला गेलो होतो. नाल्याच्या काठी बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड, वर चार पत्रे, बस. तिथं उभा राहून मी बोललो, "इतकी वर्षं तेल घेतलंस ना तिच्या हातचं? मग आता गप्प काऊन बसला? ती पोटभर जेवली पाह्यजे. तुले रोडगे करून घालतो, पण तिले जेवू घाल." बोलून गेल्यावर आपणच चमकलो. मी आणि नवस! घरी आलो तेव्हा कानाची पाळी गरम झाली होती.

रोडगे काऊन सुचले, तर ते हिच्या माहेरचं, आंजीचं. तिच्या वडिलांच्या शेतात दरवर्षी हिवाळ्यात तूर निघाली की मारोतीपुढं रोडगे व्हायचे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. ते काम गड्यांचं. बायांनी फक्त बसून जेवायचं, वर्षातला तेवढाच एक दिवस. लग्नानंतर तीसएक वर्षं ही मला म्हणत आली, "एक डाव रोडगे करून घाला ना जी," आणि मी एकतीस कारणं दिली. तेव्हा हा नवस लगेच फेडतो असं तिला सांगितलं तर ती कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "पण नवस त फळल्यावर फेडतेत. आधीच काऊन?" मी म्हटलं, "मी कंडक्टर आहो. आधी तिकीट, मंग प्रवास." ती हसता हसता डोळे पुसत होती. माझ्यानं मात्र महिनाभर थांबवणार नव्हतं, येणारा शनिवारच मी पक्का केला.

मग खाटेवर बसून तिनं मला रोडगे शिकवले. स्वतः कधी केले नव्हते, पण वडिलांच्या हाताकडे पाहत मोठी झालेली. गहू जाडसर दळून आणायचा, पोळीच्या कणकेला हात लावायचा नाही. त्यात ओवा, मीठ आणि कढत तेलाचं मोहन. घट्ट भिजवायचं, इतकं घट्ट की मनगट दुखलं पाहिजे. मग लहान लहान पाच पाऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल आणि कोरडं पीठ लावून एकीवर एक ठेवायच्या आणि सहाव्या पारीत गुंडाळून तोंड बंद करायचं. भाजल्यावर फोडला की पदर सुटले पाहिजेत. "अन् गोवऱ्या चांगल्या पाहून घ्याजा," असं तिनं दोनदा बजावलं. मी म्हटलं, गोवरीत काय पाहायचं असते? गोवरी ती गोवरी.

माझी सगळी अक्कल तिथंच उघडी पडली. आता घरोघरी गुरं राहिली कुठं? मी गेलो पूजेच्या दुकानात. तिथं होमाच्या गोवऱ्या मिळाल्या, एकसारख्या गोल, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, बिस्किटांसारख्या देखण्या. दोन थैल्या भरून घेतल्या आणि मोठ्या ऐटीत घरी आणून आवारात ठेवल्या. हिनं त्या पाहिल्या असत्या तर तिथंच मला परत पाठवलं असतं, पण तिला उठून यायचंही त्राण नव्हतं.

शनिवारी सकाळी माझ्या एसटीचा जुना ड्रायव्हर सुधाकर त्याची व्हॅन घेऊन आला. हिला शाल गुंडाळून बसवलं, गंज-पातेली, कणीक, वांगी, डाळ सगळं भरलं आणि मारोतीजवळ पोहोचलो. ऊन छान पडलं होतं, बाजूच्या वावरात कापूस फुटलेला. हिला चटईवर बाभळीला टेकून बसवलं. वांग्याची भाजी आणि वरण सुधाकरकडे, रोडगे माझ्याकडे. गोवऱ्या रचल्या, कापूर लावला, आणि अरे बापरे! भडका असा उठला की सुधाकर भाजी सोडून मागं पळाला. त्या देखण्या गोवऱ्यांत शेण नावाला आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, ठासून भरलेलं. कुटार भुर्रकन पेटतं आणि तसंच विझतं. निखारा म्हणून धरत नाही. मला काय कळतंय, मी रोडगे टाकले. दहा मिनिटांत बाहेरून कोळसा. एक फोडून पाहिला तर आत ओली कणीक, बोटाला चिकटली. आठ रोडगे गेले. गोवऱ्याही संपल्या.

"मास्तर, चुकीच्या गाडीत बसलो वाटते आपण," सुधाकर म्हणाला. एरवी मी हसलो असतो. त्या वेळी मी हातातला चिमटा जमिनीवर आपटला आणि मारोतीकडे पाहून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हिच्याकडे पाहायची तर हिंमतच होत नव्हती. ती मात्र शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या. आपण वरणभात करू." त्या शांतपणानं मला जास्त लागलं. ती जेवणाची वाटच पाहत नाहीये, हे मला दिसलं, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथंच खाली बसलो. मला आता काही सुचत नाही, एवढं एकच वाक्य मनात होतं. ते मी कोणाला म्हणत होतो, मला माहीत नाही.

तेवढ्यात नाल्यातून एक म्हातारी वर चढून आली. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर टोपली, हातात बाभळीची काडी. टोपलीत काय असावं? रानगोवऱ्या! गुरं चरतात तिथं पडल्या पडल्या उन्हात वाळलेल्या, वेड्यावाकड्या, दगडासारख्या कडक. ती थांबली, माझ्या काळ्या रोडग्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय बापू, रोडगे करून राह्यला का कोळसे पाडून राह्यला?"

मी काही बोलायच्या आत तिनं टोपली उतरवली. "कणीक हाय का उरली?" होती, पाच रोडग्यांपुरती. "मंग रडते काऊन? वळ." आणि ती स्वतः गोवऱ्या रचायला बसली, मधे हवेला जागा ठेवून. धूर निघाला, मग धूर गेला, आणि खाली लालबुंद निखारा धरला. तिनं रोडगे त्यावर लोळवून लोळवून कडक करून घेतले, निखारा काडीनं फोडून पसरला, रोडगे मधे ठेवले आणि वरून गरम राख ओढून पार पुरून टाकले. आता दिसायला नुसता राखेचा ढीग.

"आता उठ तिथून," ती म्हणाली.

पण मी कसला उठतो! पाच मिनिटं झाली नाहीत तर मी चिमटा घेऊन राख उकरायला वाकलो. सटकन काडी बसली हातावर. खरोखर मारलं हो तिनं, या वयात मला! "उघडून उघडून पाह्यशीन त कच्चाच राहीन. तुह्यं काम झालं, आता विस्तवाचं काम हाय. त्याले करू दे." सुधाकर खो खो हसत होता. मी हात मागं घेतला. सांगतो, ते पाऊण तास बसणं मला सगळ्या नोकरीपेक्षा जड गेलं. काही दिसत नाही, काही कळत नाही, हातात काही नाही. घड्याळ पाहायला लागलो तर म्हातारीनं नुसतं पाहिलं, मी मनगट खिशात घातलं. आणि हळूहळू माझ्या आतलं काहीतरी खाली बसायला लागलं. किती महिन्यांनी मी नुसता बसलो होतो. डॉक्टर, वजनकाटा, नळी, सगळं थोडं लांब गेलं.

हिचा डोळा लागला होता, तोंड वावराकडे. आम्ही तिघं ढिगाऱ्याकडे पाहत बसलेलो. आणि एकदम ही पाठमोरीच बोलली, जुन्या सुरात, चिडून: "अवो, काढा ना आता! झाला तो. जळून जाईन ना."

मी म्हटलं, "तुले कसं समजलं?"

"कसं म्हणजे? वास नाई येऊन राह्यला का तुमाले?"

आणि बोलून ती थांबली. हळूच वळली. तिचा हात नाकाकडे गेला. माझ्याकडे पाहत राहिली, डोळे एवढाले मोठे. म्हातारीला आमचं काहीच ठाऊक नव्हतं, ती आपली राख बाजूला करत म्हणाली, "बाई बराबर बोलते. निंघाले."

फडक्यानं राख झटकली, रोडगा फोडला, आणि पाचही पदर सुटले! भाजलेल्या गव्हाचा, ओव्याचा वास! वर तूप सोडलं. पहिलं ताट, रोडगा, वरण आणि वांग्याची भाजी, मारोतीपुढं ठेवलं. मी हात जोडले. म्हातारी जेवायला थांबेना, उन्हं उतरायच्या आत घरी पोहोचायचं म्हणाली. एक रोडगा आणि गुळाचा खडा पदरात बांधून घेतला, टोपली उचलली आणि नाल्यात उतरून गेली.

मग हिचं ताट. मी समोर उकिडवा बसलो, तिच्या तोंडाकडे टक लावून. तिनं रोडग्याचा तुकडा तुपात बुडवून खाल्ला. चावला. डोळे मिटले. मग वांग्याच्या भाजीचा घास घेतला, आणि कपाळाला आठी पडली. परत कागद, वाटलं.

ती म्हणाली, "भाजीत मीठच नाई टाकलं तुमी."

मी सुधाकरकडे पाहिलं, सुधाकरनं माझ्याकडे. त्याला वाटलं मी टाकलं, मला वाटलं त्यानं टाकलं. देवाचा नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून कोणी जिभेवर ठेवूनही पाहिली नव्हती. मी बोट बुडवून चाटलं. अळणी! साफ अळणी! मी उठून ओरडलो, "अळणी हाय! सुधाकर, भाजी अळणी हाय!" लॉटरी लागलेला माणूस काय ओरडेल! सुधाकर रडत होता आणि हसत होता. ही मिठाचा डबा मागत होती आणि आमचं लक्षच नव्हतं. शेवटी तीच चिडली, "आता द्यान का मीठ, का भुकेनं मरू देता मले?" भुकेनं, म्हणाली! पाच महिन्यांनी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला. त्या दिवशी तिनं दीड रोडगा खाल्ला. महिना संपला तेव्हा वजन वाढलेलं होतं, नळीचं नाव निघालं नाही. चव अजून पूर्ण आली नाही, कधी येते कधी जाते, पण जेवण चालू आहे.

त्या म्हातारीला शोधायला मी पुढच्या आठवड्यात गेलो. मनात काय काय होतं, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, ती सापडणारच नाही. पण सापडली, नाल्यापलीकडच्याच वस्तीत, अंगणात गोवऱ्या रचत. साडी-चोळी दिली, ती लाजून घेतली तिनं. विचारलं, माय, त्या दिवशी तिकडं कशी आली? तर म्हणाली, "रोजचाच रस्ता हाय बापू माहा." घरी येऊन जरा हिरमुसूनच हिला सांगितलं, की बाई साधीच निघाली. ही कणीक मळत होती. म्हणाली, "मंग? देवानं का इमानात बसून यावं लागते? रोजच्या रस्त्यानं आला त नाई चालत का तुमाले?"

आता शनिवारी मी गाडी बंद करून आत जातो. हॉर्न वाजवत नाही. रिपोर्ट यायचा असला, सासरी गेलेल्या पोरीचा फोन आला नाही, की माझा हात अजूनही राख उकरायला धावतो, आणि मनगटावर ती काडी सटकन बसते. मग मागं घेतो हात. आपलं काम झालं असलं की तिथून उठावं, एवढंच मी शिकलो, आणि तेही मार खाऊन शिकलो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या दिवशी पहिलं ताट मारोतीपुढं गेलं होतं. ती अळणी भाजी आधी त्यानं खाल्ली. पण तो बोलला नाही. हिनं बोलावं म्हणून गप्प बसला.