आक्कांच्या बाटल्यांवरचे पत्ते

रविवारी सकाळी तळवड्याच्या बसथांब्यावर मी हिराआक्कांची वाट बघत उभी होते. चाकणच्या बाजूला करवंदं काढायला जायचं ठरलं होतं. आक्का कधी उशीर करत नसत, त्यामुळे मी मनातल्या मनात चिडायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात त्यांच्या सुनेचा, मनीषाचा फोन आला. रात्री झोपेतच... पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. रिकामी पिशवी घेऊन मी तशीच त्यांच्या घरी चालत गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

आक्का आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये होत्या, मी टाइम ऑफिसात, हजेरीच्या नोंदी ठेवायला. त्या तळवड्याच्याच; घरची जमीन गेली, तिचे प्लॉट पडले. निवृत्त झाल्यावर त्या खुरपं घेऊन मोकळ्या प्लॉटांवर हिंडत. तेरडा, सोनकी, कळलावीचा कंद, जे सापडेल ते मुळासकट आणून अंगणात लावत. चार रोपं दिसली तर एकच घ्यायचं, हा त्यांचा नियम. जेसीबी येऊन उभा राहिला असेल, तर मात्र सगळी. एकदा वॉचमननं हटकलं, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "पोरा, ह्ये माजंच शेत व्हतं. येक रोप नेते, तुजी कंपनी न्हाई नेत." तो बिचारा त्यांची पिशवी धरून उभा राहिला.

जेली करायला त्या कँटीनमध्ये शिकल्या, साहेबलोकांच्या नाश्त्यासाठी. घरी मात्र करवंदांची करत, नाहीतर अंबाडीच्या लाल बोंडांची. पाक चमच्यावरून थेंब थेंब न पडता एकत्र ओघळला, की लगेच गॅस बंद. बाटलीवर चिठ्ठी चिकटवत, पण तिच्यावर फळाचं नाव नसे. 'पाण्याच्या टाकीमागं.' 'चाकण, वळणावरची जाळी.' मी हिशोबी बाई, मला ते खटकायचं. "आत काय आहे ते लिहा की," मी म्हणायचे.

"आत काय हाय ते जिभेला कळतंय की, बाई. कुठनं आनलं ते कुनी सांगायचं?"

टाकीमागं आता गोदाम आहे. वळणावर ट्रेलर उभे असतात.

माझे मिस्टर गेले, त्यानंतर मी गॅलरीचं दार उघडणंच सोडलं होतं. आक्कांनी तिथं एक कुंडी आणून ठेवली आणि अंबाडीचं बी टाकलं. मी स्पष्ट सांगितलं, मी पाणी घालणार नाही. "नका घालू. मी येते की," म्हणाल्या आणि जादा किल्ली मागून घेतली. एका कुंडीसाठी ही बाई एक दिवसाआड बस पकडून चिंचवडला यायची. पाणी घालायची, चहा घ्यायची, जायची. फरशीवर मातीची पावलं उमटतात म्हणून मी कुरकुरायचे. कुंडीचं निमित्त होतं, त्या माझ्यासाठी यायच्या, एवढी साधी गोष्ट मला त्या असेपर्यंत कळली नाही. याची मला लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात महिनाभर लेकीकडे राहून परत आले, तर झाडावर एकही बोंड नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "पाखरांनी न्हेली असतील."

तेराव्याला मनीषानं मला किल्ली परत दिली आणि एक बाटली. "फळीवर शेवटची हीच हाय, काकू. तुमचं नाव हाय हिच्यावर."

आत गर्द लाल जेली. चिठ्ठीवर आक्कांचं ठसठशीत अक्षर : 'सुमनबाईंची गॅलरी.'

त्यांनी लिहिलेल्या पत्त्यांपैकी तेवढाच अजून जागेवर आहे. आता मी एक दिवसाआड कुंडीला पाणी घालते. जुनं झाड हिवाळ्यानंतर वाळून गेलं, माती अजून नुसतीच आहे. चारच्या सुमाराला कुलपात किल्ली फिरल्यासारखी वाटते आणि मी उठून बघते. एकटेपणाची सवय आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खरं नव्हतं.

जेली मी पोळीबरोबर रोज थोडी थोडी खाल्ली. बाटली रिकामी होऊन आठ दिवस झाले. ओट्यावर तशीच आहे. घासायला घेतली तर चिठ्ठी निघून येईल.