कापडाचा कोहळा
नव्या कापसाचा वास आला की मला ब्रह्मपुरीच्या घराची पडवी आठवते. धानकापणीचे दिवस होते आणि कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी आणि आई जुन्या केशरी लुगड्याचे कोहळे, म्हणजे आमच्याकडचे लाल भोपळे, शिवत होतो, कापसानं टम्म फुगलेले, वर बाभळीच्या काडीचा देठ. सगळ्यात देखणा कोहळा शिवून झाला आणि आईच्या लक्षात आलं, एक सुई आतच राहिली. उद्या प्रदर्शनात लेकरं तो दाबून पाहणार! मी शिवण उसवायला कात्री उचलली, तर आईनं हातच धरला. "कोहळ्याले बाईमाणसानं पयले कापू नाई, माईत नाई का तुले?" "आई, कापडाचा हाय तो!" "दिसते तं कोहळाच ना?" शेवटी बाबांना धानाच्या बांधीतून, शेतातून बोलावलं. ते विळ्यासकट धावत आले, सगळं ऐकून पोट धरून हसले, आणि मग चप्पल काढून, कोहळ्याला हात जोडून त्यांनी कात्री लावली. सुई निघाली. आता तो कोहळा माझ्या कपाटावर असतो. परवा त्यात नवा कापूस भरायचा होता. घरात मी एकटीच होते. कात्री घेतली, खाली ठेवली आणि शेजारच्या काकांची बेल वाजवली.