होय दाबणारे मामा

ऑफिसातले किस्से साचतच जातात, चिऱ्यावर शेवाळ चढतं तसे. पण आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात ऑनलाइन ट्रेनिंग आल्यापासूनचे किस्से सांगताना हसू येत नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

*

फर्मान आलं. सगळ्यांनी व्हिडिओ बघायचे, परीक्षा द्यायची. सर्टिफिकेट नसेल तर कंत्राटी माणसाचं कंत्राट पुढे नाही. आम्ही सातजण कायम, आम्हाला कसली भीती! कंत्राटी एकच, दत्ताराम मामा. गुहागरकडचे, अकरा वर्षं आमचे शिपाई.

*

व्हिडिओ दर पाच मिनिटांनी विचारतो, "आपण उपस्थित आहात का?" 'होय' दाबलं नाही की परत पहिल्यापासून सुरू. मग काय, आम्ही मामांना बसवलं. सात कॉम्प्युटर, मामा चाकाची खुर्ची सरकवत सातही ठिकाणी होय दाबतायत आणि आम्ही काम करतोय. काम कसलं, खरं सांगते, चहा पितोय. परीक्षेतली उत्तरंही तेच सांगायचे. आमचे साहेब पहिले आले. त्यांनी पेढे वाटले, मामांनाही एक दिला.

*

मामांना स्वतःचं लॉगिनच नव्हतं. मी हेल्पलाइनला फोन लावला. लॉगिनचा अर्ज ऑनलाइन, आणि तो उघडायला लॉगिन हवं! पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, यावर आमचा व्हिडिओ आहे. लॉगिन करून बघा ना."

मी कपाळावर हात मारला. मामा म्हणाले, राहू दे.

*

एकदा मीटरच्या पेटीने पेट घेतला. सर्टिफिकेटवाले आम्ही सातही जिन्यावरून खाली, साहेब सगळ्यांत पुढे. मामांनी मेन स्विच पाडला, आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढली आणि जाळाच्या बुडाशी फवारा मारला. अगदी व्हिडिओत दाखवतात तस्सं.

आठवड्याने वरून पत्र आलं. अप्रशिक्षित व्यक्तीने अग्निशामक उपकरण का हाताळलं, खुलासा करा. साहेबांनी खुलाशात काय लिहायचं तेही मामांनाच विचारलं. आम्ही माना खाली घालून बसलो. आजही लाज वाटते.

*

कंत्राट संपलं. शेवटच्या दिवशी मामा कपाटाच्या किल्ल्या द्यायला माझ्या टेबलाशी आले. मी पोच लिहीत होते, डोळे भरलेले, अक्षर दिसेना. शेजारी नवा व्हिडिओ चालू होता. त्याने विचारलं, "आपण उपस्थित आहात का?"

मामा सवयीने वाकले, होय दाबलं.

"लक्ष ठेव गो बाय," म्हणाले. "नाही दाबलंस तर परत पहिल्यापासून बघायला लागेल."