लुगड्याचा फोटो

मोठीमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिला मेसेजचा राग यायचा. ती दिवसातून एकदा फोन लावायची आणि तळ्याच्या पल्याड हाक मारल्यासारखी ओरडायची, "जेवली काय वं?" मी मोहर्लीला, व्याघ्रप्रकल्पाच्या गेटवर गाईड. जिप्सीत पर्यटक असले की फोन उचलता यायचा नाही. मग फेरी संपली की मी तिला अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी व्हायची. एकदा ती घरी आल्यावर म्हणाली, "अंगठा तं मी लावतो कागदावर. तू एवढी शिकली, तू काऊन मले अंगठा दाखवतं?" आम्ही सगळ्या खूप हसलो. तरी मी अंगठाच पाठवत राहिले.

ती पोंभुर्ण्याकडच्या एका गावात एकटी राहायची. तिची मुलगी, माझी धाकटी मावसबहीण, गडचांदूरला नवऱ्याकडे. आमचा घरच्यांचा एक ग्रुप होता. तो मीच काढलेला. त्यात लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो आणि सकाळच्या फुलांचे मेसेज, एवढंच चालायचं.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सकाळची फेरी संपवून मी गेटवर आले. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून तो गेटवर जमा असतो. परत घेऊन चालू केला, तर गाईडांच्या ग्रुपवर मेसेजांची रांग लागली होती. त्यात एक फोटो होता. खाली लिहिलेलं, 'मोहफूल वेचायला गेलेली बाई. वाघ. ओळख पटली नाही.' गावाचं नाव नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. खाली नुसते जोडलेले हात.

मीही हात जोडले. फोटो मोठा करून पाहिला नाही. असे फोटो वर्षातून कितीदा तरी येतात. सवय झाली. आमच्याकडच्या बायका पहाटे एकट्याच मोहाखाली जातात, त्यांना धाक बसावा म्हणून मी तो फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा. एकट्या जाऊ नका.' आणि चहा प्यायला गेले.

चहा अर्धा झाला असेल. मावसबहिणीचा आवाजातला मेसेज आला. चारच सेकंदांचा. "ताई, हे लुगडं तं मायचं होय."

तेव्हा मी फोटो मोठा केला. हिरवं लुगडं, लाल काठ, बाजूला उलटलेली टोपली. ते लुगडं मीच गेल्या दिवाळीत मोठीमायला घेऊन दिलेलं. मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. मग तिला फोन लावला, तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

मोठीमायच्या गावात पोचले तेव्हा वनखात्याची माणसं पंचनामा करून गेली होती. अंगणात बायका बसल्या होत्या. बहीण माझ्याआधी आली होती. ती रडत नव्हती. मला पाहून उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "फोन लावता नाई आला तुले?"

"मले माहीत नव्हतं वं, ते मोठीमाय आहे म्हणून."

"माहीत नव्हतं तं मंग काऊन पाठवलं? दुसऱ्या कोणाची माय असती तं चाललं असतं?"

खरं तेच होतं. दुसऱ्या कुणाची असती, तर मी चहा संपवून दुपारच्या फेरीला गेले असते.

तेरवी झाल्यावर बहिणीने घरचा ग्रुप सोडला. मग एकेक करून बाकीचेही सुटले. मी कामावर परत गेले. गाईडांच्या ग्रुपवर त्या जोडलेल्या हातांच्या खालीच दुसऱ्या दिवशीचे मेसेज होते. 'आज मस्त साइटिंग. पाण्यावर मादी, दोन पिल्लं.' पुढे एका सकाळी गेटवर फोन जमा करायच्या आधी एका पर्यटकाने मला आपला मोबाइल दाखवला. "मॅडम, ये इधर का ही है क्या? वो टायगर दिखेगा?" तोच फोटो. माझ्याकडून डिलीट झालेला. मी म्हटलं, "मालूम नहीं, सर." आणि त्यांना टोप्या घालून जिप्सीत बसायला सांगितलं. चार तास मी त्या माणसाला वाघ दाखवत फिरले. उतरताना त्याने माझे आभार मानले.

पावसाळा संपल्यावर मी गडचांदूरला बहिणीकडे गेले. न कळवताच गेले, कळवलं असतं तर तिने नको म्हटलं असतं. तिने दार उघडलं, पाणी दिलं, चहा ठेवला. तिच्या दाराशी, ओट्यावर, झाडांच्या पानांवरसुद्धा सिमेंट कारखान्याची बारीक धूळ होती आणि ती बोलताना पदराने टेबल पुसत होती.

"राग नाई आता," ती म्हणाली. "पण तुहं नाव फोनवर आलं का मले तेच दिसते. म्हणून नंबर काढून टाकला. तू येत जा. फोन करू नको."

मी हो म्हटलं. त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, आतच असतील, कधी कधी पुढून कुलूप लावून मागच्या दाराने आत जातात.

गाईडांच्या ग्रुपमध्ये मी अजून आहे, कारण ड्युटी तिथेच कळते. असा फोटो आला की मी पुढे पाठवत नाही. त्याने काही थांबत नाही. दुसरं कुणी तरी पाठवतंच, खाली सावधगिरीच्या दोन ओळी लिहून.