आमचं 'हाव'

घरातून निघताना बायकोनं माझ्या हातावर सुपारीचं एक खांड ठेवलं. "मॅच संपेपर्यंत तोंडात धरा. चावू नका अन् बोलू नका." स्कूटरवर मागे बसता बसता मुलगीही म्हणाली, "बाबा, खरंच नका बोलू तुमी. तुमचा आवाज आला का हात जड होते माहा." मायलेकींचं आधीच ठरलेलं दिसत होतं.

राग आला, पण त्यांचं खरं होतं. मी सावनेरचा, कबड्डी खेळलेला माणूस. आमच्या मैदानावर जो ओरडत नाही तो आपला नाही, असं समजतात. टेनिसचं उलटंच. लेक जीव तोडून पळत असते आणि बापानं देवळात बसल्यासारखं बसायचं. देवळात निदान घंटा तरी वाजवता येते.

स्पर्धा व्यावसायिक होती, पुरुषांची आणि महिलांची, हार्ड कोर्टवरची. मुलगी नागपूरचीच म्हणून आयोजकांनी तिला थेट मुख्य फेरीत घेतलं होतं. ही पहिली मॅच जिंकली तर जागतिक क्रमवारीत धरला जाणारा पहिला गुण तिच्या नावावर लागणार होता. घरून, म्हणजे बेसाहून, रोज पहाटे तिला कोर्टावर सोडत होतो, आठ वर्षं, ते त्या एका गुणासाठी. समोर परदेशी मुलगी होती, हिच्याहून वीतभर उंच.

पहिला सेट गेला, दुसरा आला. शेजारच्या कोर्टवर पुरुषांची मॅच चालू होती. तिकडे टाळ्या पडल्या की मी उगाच आमचा स्कोअर बघायचो. मागे एक गृहस्थ चिवड्याचं पाकीट वाजवत होते. मी वळून असं काही पाहिलं की त्यांनी ते गुपचूप पिशवीत ठेवलं. खरं तर त्यांचा काही दोष नव्हता.

तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार. चाळीस-तीस. सर्व्हिस आमची. मॅच जिंकायला आता एकच पॉइंट. सुपारी कधी फुटली आणि कधी पोटात गेली, मला कळलं नाही.

पाच-सहा फटके झाले आणि तिनं बॅकहँड मारला तो थेट मागच्या कोपऱ्यात. बॉल रेषेवर पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला.

"हाऽव!"

'हो'ला आम्ही 'हाव' म्हणतो. पुण्याकडची माणसं हसतात, त्यांच्या लेखी हाव म्हणजे लोभ. त्या परदेशी मुलीला मात्र ते 'आउट' ऐकू आलं. बॉलपर्यंत पोहोचलेली ती जागच्या जागी थांबली, रॅकेट खाली घेतली आणि बॉल तिच्या बाजूनं निघून गेला.

मग वाद. ती हातवारे करत खुर्चीवरच्या पंचांकडे गेली. पंचांनी रेषेवरच्या बाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली, आपण काही बोललोच नाही म्हणून. पंच प्रेक्षकांकडे वळले आणि कोण ओरडलं म्हणून विचारलं.

मी मूग गिळून बसलो. सकाळपासून जे जमायला हवं होतं ते नेमकं तेव्हा जमलं. चिवडेवाले गृहस्थ माझ्याकडे पाहत होते आणि मी बुटाच्या नाडीकडे. गप्प राहिलो तर पॉइंट आपल्यालाच मिळेल, हा विचार माझ्या मनात आला होता. आज सांगायला लाज वाटते, पण आला होता.

तेवढ्यात माझी मुलगी पंचांपुढे जाऊन उभी राहिली. इंग्रजीत म्हणाली, "ते माझे वडील आहेत. ते हो म्हणाले. पण ते आउटसारखंच ऐकू येतं." आवाज अगदी साधा होता. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

पंचांनी पॉइंट पुन्हा खेळायला सांगितला.

तो तिनं नेटमध्ये मारला. तो गेम गेला, त्यानंतरचे दोनही गेले आणि मॅचही. परदेशी मुलीनं हात मिळवताना हिचा खांदा थोपटला. मी पायऱ्यांवर बसूनच होतो, उठायची हिंमत होईना.

परतताना स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये रॅकेटची बॅग होती. चूक झाली माझी, एवढंच म्हणायचं होतं. प्रत्येक सिग्नलला तोंड उघडत होतो आणि हिरवा झाला की मिटत होतो. बायकोचा फोन खिशात दोनदा वाजला, तो घेतला नाही.

बेसाच्या वळणावर ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, तो बॉल आत होता न?"

खोटं बोललो असतो तर तिला कदाचित बरं वाटलं असतं.

"हाव."